जुना पत्रव्यवहार, नवा संगणक

संगणक बदलायची वेळ आली की हार्डवेअरवाला एक प्रश्न हमखास विचारतो: डेटा काय काय घ्यायचा? उत्तरही ठरलेले असते. डेस्कटॉपवरचे सगळे, माय डॉक्युमेंट्स, टॅलीचा डेटा, फोटो. तो तेवढे एका हार्ड डिस्कवर उतरवून घेतो, जुन्या मशीनला फॉरमॅट मारतो आणि संध्याकाळपर्यंत नवे मशीन टेबलावर लागते. सकाळी मेलचा प्रोग्रॅम उघडला, पासवर्ड टाकला की खाते चालू होते. इनबॉक्समध्ये रात्रीतून आलेले चार मेल दिसतात. त्याआधीची बारा-पंधरा वर्षे दिसत नाहीत.

यात दोष हार्डवेअरवाल्याचा नाही. त्याला सांगितले तेवढे त्याने केले. मेल कुठे राहतो हे बहुतेक वेळा मालकालाच ठाऊक नसते. थंडरबर्ड आपला सगळा साठा विंडोजच्या ‘ॲपडेटा’ नावाच्या फोल्डरच्या पोटात ठेवतो आणि ते फोल्डर मुळातच लपवलेले असते. आउटलुकने २०१० च्या आवृत्तीपासून आपली फाइल डॉक्युमेंट्समध्ये ‘आउटलुक फाइल्स’ या नावाखाली ठेवायला सुरुवात केली खरी, पण ज्यांनी जुन्या आउटलुकवरच नवी आवृत्ती चढवली त्यांची फाइल पूर्वीच्या लपलेल्या जागीच राहिली. म्हणून ‘माय डॉक्युमेंट्स घेतले आहे’ या भरवशावर कोणीही निश्चिंत होऊ नये.

हा विषय आत्ताच मांडण्याला कारण आहे. विंडोजमधले ‘मेल’ ॲप ३१ डिसेंबर २०२४ नंतर बंद झाले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची देखभालही मायक्रोसॉफ्टने थांबवली आणि विंडोज ११ न चालणारी असंख्य चांगली मशीने एकदम म्हातारी ठरली. त्या मशीनांत लोकांचा पत्रव्यवहार आहे. तो सुखरूप बाहेर कसा काढायचा हे पुढच्या प्रकरणांत पायरीपायरीने येईल. पायऱ्यांआधी त्यामागची रचना समजली तर कुठली पायरी गाळता येते आणि कुठली मुळीच गाळता येत नाही, हे ज्याचे त्याला ठरवता येते.

सगळ्यात आधी एकच गोष्ट पक्की करावी लागते. मेलची मूळ प्रत कुठे आहे, सर्व्हरवर की टेबलाखालच्या सीपीयूत?

हा फरक दोन जुन्या पद्धतींतून आला आहे. १९८४ मध्ये जॉयस रेनॉल्ड्स यांनी ‘पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल’ मांडला, तोच पुढे पॉप या छोट्या नावाने रूढ झाला. सर्व्हरवर साचलेले टपाल उचलायचे, आपल्या संगणकावर आणायचे आणि तिथून पुसून टाकायचे, असा त्याचा साधा कारभार. १९८६ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांनी आयमॅप रचला. त्यात मेल सर्व्हरवरच राहतो; संगणक तो दाखवतो आणि सोयीपुरती एक प्रत जवळ ठेवतो. आयमॅपवाल्याचा संगणक जळून गेला तरी नव्या मशीनवर खाते जोडले की फोल्डर भरू लागतात. पॉपवाल्याची डिस्क गेली की सगळे गेले.

मग लोक पॉपच्या वाटेला गेलेच का? भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा जोडणी टेलिफोनच्या तारेवरून मोडेमने व्हायची. कनेक्शनच्या तासांचा हिशेब वेगळा, फोनचे बिल वेगळे. त्या काळी पॉप हाच शहाणपणाचा मार्ग होता. फोन लावायचा, मेल उतरवून घ्यायचे, फोन ठेवायचा आणि मग निवांत वाचत बसायचे. सर्व्हरवर जागाही मोजकीच मिळे. हॉटमेलची फुकट पेटी २ एमबीची होती. १ एप्रिल २००४ रोजी जीमेल १ जीबी जागा घेऊन आले तेव्हा अनेकांना ती त्या तारखेला शोभणारी थट्टा वाटली होती. जीमेलनंतर मेल पुसण्याची गरज संपली, पण हाताला लागलेली सवय लगेच सुटत नाही. अनेक कार्यालयांत जुनी मांडणी एका मशीनवरून दुसऱ्यावर जशीच्या तशी जात राहिली.

आज खरा घोळ होतो तो या दोन्हींच्या मधल्या लोकांचा. एखाद्या छोट्या कंपनीने स्वतःच्या नावाचे डोमेन घेतलेले असते, त्यावर माणशी १ जीबीची पेटी. खाते आयमॅपचे असते, म्हणून सगळे निर्धास्त. पेटी भरली की इशारा येतो आणि कोणीतरी गेल्या वर्षीचे मेल उचलून थंडरबर्डच्या ‘लोकल फोल्डर्स’मध्ये किंवा आउटलुकच्या ‘आर्काइव्ह’मध्ये ओढून टाकतो. पडद्यावर ते फोल्डर बाकीच्या फोल्डरांना खेटूनच दिसतात. पण त्या क्षणापासून त्या मेलची सर्व्हरवरची प्रत नाहीशी झालेली असते. नव्या संगणकावर खाते जोडल्यावर चालू वर्ष येते आणि मागची वर्षे येत नाहीत, ती यामुळे. ज्याने हे कधी केले असेल त्याने स्वतःला आयमॅपवाला समजू नये.

एवढे जुने मेल ठेवायचे कशाला, असे विचारणाऱ्यांना व्यवहाराचे उत्तर आधी द्यायला हवे. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात आणि आज ऑर्डर, दर, बिल, नकार, मुदतवाढ हे सगळे मेलवरच चालते. वाद कोर्टात गेला तर मेलची छापील प्रत पुरत नाही. जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले की मूळ साधन हजर करता येत नसेल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र लागतेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने कलम ६३ मध्ये ही अट कायम ठेवली आणि प्रमाणपत्राच्या नमुन्यात नोंदीचे हॅश मूल्यही मागितले. मेलच्या डोक्यावरच्या ज्या ओळी आपण एरवी वाचत नाही, तो कुठल्या सर्व्हरवरून किती वाजता निघाला, वाटेत कुठे थांबला, त्या मूळ फाइलीत असतात. प्रिंटमध्ये त्या बहुधा नसतात. मेल हलवताना त्या शाबूत राहिल्या तरच हलवणे पूर्ण झाले.

व्यवहारापलीकडचे कारणही तितकेच मोठे आहे. जी. ए. कुलकर्णी यांची सुनीता देशपांडे यांना लिहिलेली पत्रे मराठी वाचकाला पुस्तकात वाचायला मिळाली, कारण ती ज्यांच्या हाती पडली त्यांनी ती सांभाळली. सुनीताबाईंनी जीएंना लिहिलेली पत्रेही ‘प्रिय जी. ए.’ या पुस्तकात आली. ईमेलच्या बाबतीत हे सांभाळणे आपोआप होत नाही. ब्रिटिश लायब्ररीने २०११ मध्ये कवयित्री वेंडी कोप यांचा संग्रह विकत घेतला, त्यात वह्यांबरोबर सुमारे ४०,००० ईमेल होते. मुंबईत जन्मलेल्या सलमान रश्दींचे कागद अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाकडे गेले तेव्हा त्यांचे जुने मॅक संगणकही सोबत गेले आणि २०१० पासून अभ्यासकांना त्यातल्या एका संगणकाचे जसेच्या तसे रूप पडद्यावर उघडून पाहता येऊ लागले. आपल्याकडचे जे लेखक, संशोधक, कार्यकर्ते १९९५ नंतर मेलवर पत्रे लिहू लागले, त्यांचा पत्रव्यवहार घरातल्या कुठल्यातरी बंद सीपीयूत पडून असण्याची शक्यता दाट आहे. तो सीपीयू भंगारवाल्याकडे जाण्याआधी घरच्यांनी त्यातली डिस्क तरी काढून घ्यावी, अशी कळकळीची विनंती इथेच करून ठेवलेली बरी.

आता तो साठा जवळून पाहू.

थंडरबर्डच्या प्रोफाइलचे फोल्डर उघडले की सुरुवातीला आठ अक्षर-अंकांचा अर्थहीन वाटणारा गट आणि मग ‘डिफॉल्ट’ असे काहीसे नाव दिसते. आत ‘मेल’ आणि ‘आयमॅपमेल’ अशी दोन फोल्डर असतात. पॉप खात्यांचे आणि लोकल फोल्डर्सचे मेल पहिल्यात, आयमॅपच्या सोयीच्या प्रती दुसऱ्यात. ‘मेल’मध्ये शिरले की प्रत्येक फोल्डरच्या नावाची एक जोडी सापडते. एक ‘इनबॉक्स’, पुढे काहीही शेपूट नसलेली, कधीकधी काही जीबींची. दुसरी ‘इनबॉक्स.एमएसएफ’, त्या मानाने अगदी चिमुकली. पहिलीत मेल आहेत, दुसरीत त्यांची फक्त सूची. सूची हरवली तर थंडरबर्ड ती पहिलीवरून पुन्हा तयार करतो. पहिली हरवली तर सूचीवरून काहीही परत मिळत नाही. घाईत असलेला माणूस नेमकी शेपूट नसलेली फाइल ‘ही कसली’ म्हणून मागे ठेवतो, असे होऊ शकते.

ती शेपूट नसलेली फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडते, फार मोठी नसेल तर. आत कसलेही गूढ नाही. इंग्रजी ‘फ्रॉम’ शब्दाने सुरू होणारी एक ओळ, तिच्याखाली मेलच्या डोक्यावरच्या ओळी, एक रिकामी ओळ, मग मजकूर. मग पुन्हा ‘फ्रॉम’ आणि पुढचा मेल. एकाखाली एक, हजारो. या रचनेला एमबॉक्स म्हणतात आणि ती युनिक्सच्या जमान्यापासून चालत आली आहे. मजकुरातलीच एखादी ओळ ‘फ्रॉम’ने सुरू झाली तर गोंधळ नको म्हणून तिच्या आधी एक बाणाचे चिन्ह घातले जाते, जुन्या मेलमध्ये अधूनमधून उपरा बाण दिसतो तो याचाच. जोडलेला फोटो किंवा पीडीएफ इथे अक्षरांच्या सलग भिंतीसारखा दिसतो, कारण मेलमधून जाताना प्रत्येक तीन बाइटची चार अक्षरे होतात. ३ एमबीची जोडणी फाइलीत ४ एमबीहून थोडी जास्तच जागा खाते. पुसलेला मेलही फोल्डर ‘कॉम्पॅक्ट’ करेपर्यंत या फाइलीतच राहतो, त्याच्यावर फक्त पुसल्याची खूण असते. चुकून पुसलेले मेल परत मिळवणाऱ्यांचे नशीब याच गोष्टीवर चालते, म्हणून जुन्या मशीनवर हलवाहलवीच्या आदल्या दिवशी आवराआवर करू नये.

एमबॉक्सचा मोठा गुण म्हणजे तो साधा मजकूर आहे. इलिनॉय विद्यापीठात स्टीव्ह डॉर्नर यांनी १९८८ मध्ये लिहिलेला युडोरा हा मेलचा प्रोग्रॅम पुढे क्वालकॉमकडे गेला, २००६ मध्ये त्याचा विकास थांबला आणि २०१८ मध्ये त्याचा मूळ कोड अमेरिकेतल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने सर्वांसाठी खुला केला. युडोराने मेल एमबॉक्सच्या जवळच्या रचनेत ठेवले होते, म्हणून प्रोग्रॅम गेला तरी पत्रे वाचता येतात. एक अडचण मात्र राहते. युडोरा जोडण्या मेलमधून काढून वेगळ्या फोल्डरात टाकत असे. नुसते मेल हलवले आणि ते फोल्डर राहिले, तर ‘सोबत जोडले आहे’ असे म्हणणारी शेकडो पत्रे उरतात आणि सोबत काहीच उरत नाही.

आउटलुकची गोष्ट वेगळी. तिथे मेल, पत्ते, कॅलेंडर सगळे एकाच पीएसटी फाइलीत बसते, त्यामुळे उचलायला सोपे. पण आउटलुक ९७ पासून २००२ पर्यंतच्या पीएसटीला २ जीबीची हद्द होती आणि ती ओलांडली की फाइल उघडेनाशी व्हायची. मायक्रोसॉफ्टने त्यासाठी दिलेले साधन फाइलीचा शेवटचा भाग कापून ती उघडण्याजोगी करत असे, म्हणजे काही मेलवर पाणी सोडावेच लागे. २००३ मध्ये नवी रचना आली आणि हद्द २० जीबी झाली, २०१० मध्ये ५० जीबी. जुनी फाइल मात्र आपोआप नव्या रचनेत जात नाही. पीएसटीसारखीच दिसणारी ओएसटी ही सर्व्हरवरच्या मेलची जवळची प्रत असते. ती त्याच संगणकावरच्या त्याच प्रोफाइलला बांधलेली असते, नव्या मशीनवर नेऊन उघडत नाही. तिच्यातले काही हवे असेल तर जुने आउटलुक चालू असतानाच ते पीएसटीत काढून घ्यावे लागते. आउटलुक एक्स्प्रेस हा तर नाव सारखे असूनही निराळाच प्रोग्रॅम. त्याच्या डीबीएक्स फाइली विंडोज एक्सपीबरोबर मागे पडल्या आणि आज त्या वाचायला एक्सपीचे चालते मशीन किंवा एखादे रूपांतराचे साधन शोधावे लागते.

मराठीत पत्रव्यवहार करणाऱ्यांना आणखी एक अडचण भेटते आणि तंत्रज्ञानावरच्या इंग्रजी पुस्तकांत तिचे नावही सापडत नाही. युनिकोड रुळण्याआधी मराठी मेल लिहिले जायचे ते श्री-लिपी, ‘शिवाजी’, सी-डॅकचे ‘सुरेख’ आणि ‘योगेश’ अशा फाँटांत. या फाँटांमध्ये ‘क’ हे अक्षर संगणकाच्या लेखी ‘क’ नसतेच. एखाद्या रोमन अक्षराच्या किंवा चिन्हाच्या जागी ‘क’चे चित्र बसवलेले असते. जुन्या मशीनवर तो फाँट होता म्हणून पत्र मराठी दिसत होते. नव्या मशीनवर तेच पत्र उघडले की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो, फाइल बिघडली असे वाटते आणि घाबरून माणूस ते पुसून टाकतो. फाइल बिघडलेली नसते. जुन्या संगणकाच्या फाँट्स फोल्डरमधून तो फाँट उचलून नव्यावर बसवला की पत्र पुन्हा वाचता येते, आणि सवडीने ते युनिकोडमध्ये बदलूनही घेता येते. म्हणून मराठी घरातल्या वा कार्यालयातल्या यादीत मेलच्या जोडीला फाँट्स हे फोल्डर असलेच पाहिजे.

युनिकोडमधल्या पत्रांची तऱ्हा निराळी. तिथे देवनागरीचा प्रत्येक वर्ण तीन बाइट घेतो. प्रोग्रॅमने तो मजकूर पाश्चात्य संकेतनाचा समजून वाचला तर एका अक्षराऐवजी तीन अनोळखी चिन्हे उमटतात. अशा वेळी मेलचे संकेतन बदलून पाहिले की बहुतेकदा काम होते.

प्रत्यक्ष हलवण्यात कष्ट थोडे आणि सावधगिरी फार. प्रोग्रॅम पूर्ण बंद करूनच प्रत काढावी, कारण चालू असताना फाइली अर्धवट लिहिलेल्या असू शकतात. थंडरबर्डचे आख्खे प्रोफाइल उचलणे हे निवडक फाइली उचलण्यापेक्षा केव्हाही चांगले. त्यात पत्त्यांची वही येते, मेल वेगवेगळ्या फोल्डरांत टाकणारे नियम येतात, सह्या येतात, आणि पासवर्डची फाइल व तिची किल्लीही येते. या दोन्ही वेगवेगळ्या फाइली असतात आणि एक राहिली तर दुसरीचा उपयोग नाही. नव्या मशीनवरचे थंडरबर्ड जुन्याइतके किंवा त्याहून नवे असावे. जुन्या आवृत्तीत नवे प्रोफाइल उघडायला प्रोग्रॅम नकार देतो. थंडरबर्डमध्ये आता निर्यातीची सोय आहे, पण साठा २ जीबीपेक्षा मोठा असेल तर ती पुरी पडत नाही आणि फोल्डर हातानेच उचलावे लागते. पेन ड्राइव्हवर प्रत काढताना तो फॅट ३२ पद्धतीचा असेल तर ४ जीबीची फाइल त्यावर बसतच नाही. नेमका सगळ्यात मोठा, सगळ्यात जुना इनबॉक्स तिथे अडतो. त्यासाठी एनटीएफएस किंवा एक्सफॅटची डिस्क घ्यावी.

प्रोग्रॅमच बदलायचा असेल, आउटलुकहून थंडरबर्डकडे किंवा उलट, तर मधली सर्वांत भरवशाची वाट आयमॅप सर्व्हरची आहे. पुरेशी जागा असलेले एखादे खाते जुन्या प्रोग्रॅमला जोडायचे, फोल्डर त्यावर चढवायचे आणि नव्या प्रोग्रॅममधून उतरवून घ्यायचे. वेळ लागतो. मोठा साठा असेल तर रात्रभर चालू ठेवावे लागते. पण दोन्ही प्रोग्रॅम आयमॅप जाणतात, त्यामुळे बाजारातल्या अनोळखी रूपांतर-साधनांच्या हाती खासगी पत्रव्यवहार द्यावा लागत नाही. त्या साधनांच्या फुकट आवृत्त्यांवर घाईघाईने विसंबणे बरे नाही.

शेवटी पडताळणी. सगळे आले असे वाटणे आणि सगळे आलेले असणे यात अंतर आहे. जुन्या आणि नव्या मशीनवर एकेका फोल्डरमधल्या मेलचे आकडे शेजारी शेजारी लिहावेत. सर्वांत जुना मेल उघडून पाहावा, एक जोडणीवाला, एक मराठीतला, आणि ‘पाठवलेले’ या फोल्डरमधला एक. पाठवलेल्या मेलचा विसर सगळ्यात जास्त पडतो, आणि आपण काय कबूल केले होते हे तिथेच लिहिलेले असते.

पॉपवाल्यांनी या दिवसांत आणखी एक पथ्य पाळायचे आहे. जुने आणि नवे दोन्ही मशीन चालू असतील, तर जे आधी सर्व्हरकडे जाईल ते मेल उचलून नेते. काही पत्रे इकडे, काही तिकडे पडतात आणि दोन्ही पेट्या अर्धवट राहतात. म्हणून प्रत काढायच्या आधीच जुन्या मशीनवरची दर दहा मिनिटांनी मेल तपासण्याची सोय बंद करावी. नव्या मशीनवर पहिले काही दिवस ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ ही खूण चालू ठेवावी. थंडरबर्ड कुठले मेल आधी उतरवले आहेत याची नोंद खात्याच्या फोल्डरमधल्या ‘पॉपस्टेट’ नावाच्या छोट्या फाइलीत ठेवतो. ती सोबत आली नाही तर सर्व्हरवर असलेले सगळे मेल दुसऱ्यांदा उतरतात. आणि जुनी डिस्क एक पूर्ण आर्थिक वर्ष उलटेपर्यंत नाव-तारीख लिहून कपाटात ठेवावी. वर्षातून एकदाच लागणारा मेल, विम्याच्या हप्त्याचा, ऑडिटरचा किंवा सोसायटीच्या वार्षिक सभेचा, राहून गेला असेल तर तो त्या वर्षभरातच आठवतो.